स्टेंटनंतरचे पहिले महिने

अँजिओप्लास्टी होऊन, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी बसवून घरी आलात, आता छातीत जरा चमक निघाली तरी धस्स होतं ना? आम्हा सगळ्यांचं तसंच झालं होतं. ही भीती हळूहळूच ओसरते, तिच्यावर चिडू नका.

चालणं डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, पण रोज. पणजीत असाल तर कांपालला सपाटीवर चाला. मिरामार किनाऱ्याच्या वाळूत पाय रुततात, दम लवकर लागतो, ती नंतर. आल्तिनो टेकडीचा चढ तर आत्ता मुळीच नको. चालताना सोबत्याशी बोलता यायला हवं, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कितीही बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

पेज सोडायची गरज नाही, तिच्यासोबतचं खारं आणि लोणचं मात्र आवरा.

एक मनापासून सांगतो. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची आरास, बांधायला स्टुलावर चढता आलं नाही म्हणून हळहळू नका. खाली बसून फळं निवडा, त्यांना दोऱ्या बांधून द्या. घरात आपलं काम आहे हे कळलं की माणूस सावरतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. तरीही झोप उडाली, कशातच रस उरला नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा. हार्ट अटॅकनंतर अनेकांना नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि छातीत दुखून घाम फुटला, तर शेजाऱ्याची स्कूटर शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.