गोळाच करू नकोस

प्रिय,

औषधांच्या वेळांची आठवण करून देणारं ॲप तू मुक्त परवान्याखाली लिहिलंस, लोक ते वापरू लागले, आणि आता एका सहकाऱ्याने टेलिमेट्रीचा पॅच पाठवलाय, म्हणजे वापराची माहिती आपोआप सर्व्हरवर पाठवणारा कोडमधला बदल. कोणती स्क्रीन कधी उघडली जाते एवढंच मोजायचं. नाव नाही, फोन नंबर नाही, सगळं निनावी. ‘यात बिघडलं काय?’ असं तो विचारतो आणि तुला उत्तर सुचत नाही. खाजगीपणा का जपायचा हे तुला शिकवायची गरज नाही, म्हणून थेट सांगते: गोळाच करू नकोस.

निनावीपणावर विसंबू नकोस. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी सुमारे ६,५०,००० वापरकर्त्यांनी सर्चमध्ये टाकलेले शोध खुले केले. नावांच्या जागी आकडे घातले होते. काही दिवसांतच पत्रकार अशाच एका आकड्यामागच्या बाईंपर्यंत पोचले. त्यांचं नाव कुणी फोडलं नव्हतं. त्यांनी काय काय शोधलं होतं, तेवढ्यावरूनच माग लागला. आणि तुझ्या ॲपमध्ये तर माणूस रोज ठरल्या वेळी येतो, एक गोळी घेतल्याची खूण करतो आणि जातो. या वेळा आणि सोबत आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीची ओळख सांगणारा आकडा) हाती लागला, की आणखी काय लागतं?

‘पत्ता हॅश करून ठेवू’ असं तो म्हणेल, म्हणजे सूत्राने त्याचा असा आकडा करू की त्यावरून पत्ता उलगडता येऊ नये. पण आयपीव्ही४ या पत्तापद्धतीचे सगळे पत्ते मिळून सुमारे ४.३ अब्ज. त्या सगळ्यांचे साधे हॅश काढून जुळवून बघायला एका ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद पुरतात. सॉल्ट, म्हणजे हॅश करताना मिसळायचा जादा मजकूर, घातलं तरी ते सर्व्हरवरच राहणार, म्हणजे ज्याच्या हाती सर्व्हर त्याच्याच हाती सॉल्ट.

दुसरा युक्तिवाद मला जास्त चीड आणतो: ‘कोड खुला आहे, मग भीती कसली?’ अरे, सर्व्हरचा कोड खुला असला तरी सर्व्हरवर तोच चालतोय हे वापरणाऱ्याने ओळखायचं कसं? एजीपीएल हा मुक्त परवाना सर्व्हरचा कोड मिळण्याचा हक्क देतो, त्या यंत्रावर या क्षणी काय चालू आहे याचा पुरावा देत नाही. उलट तुझ्या ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपला लागणाऱ्या परवानग्यांची यादी असलेल्या फाइलीत, आज इंटरनेटची परवानगीच नाही. ॲपने स्वतः नेटवर्कला हात लावायचा म्हटला तर अँड्रॉइडच अडवतं. कुणाला तुझ्या चांगुलपणावर विश्वास ठेवावा लागत नाही. कोड न वाचणाऱ्या माणसालाही मिळणारी ही खात्री एका आलेखासाठी देऊन टाकायची?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीच्या समन्सने सिग्नल या मेसेजिंग ॲपवाल्यांकडे वापरकर्त्यांची माहिती मागितली. खातं कधी उघडलं आणि सर्व्हरशी शेवटचं कधी जोडलं गेलं, याखेरीज त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी गोळाच केलं नव्हतं. तुझ्याकडे उद्या कुणी कागद घेऊन आलं, किंवा तुझा सर्व्हर कुणी फोडला, तर तुझ्या सद्हेतूंचा काही उपयोग नाही.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते ते तुला ठाऊक असावं. मी ज्या ईमेल क्लायंटची देखभाल करत होते, तिथेही अशीच ‘फक्त मोजणी’ आली होती. मी विरोध केला, मत माझ्याविरुद्ध गेलं, आणि मी देखभालीचे हक्क सोडून बाहेर पडले. पुढे त्या मोजणीत रकाने वाढत गेले: आधी भाषा, मग टाइमझोन, मग उपकरणाचं मॉडेल. प्रत्येक रकाना एकटा बघितला तर निरुपद्रवी. ज्याच्यासोबत तो प्रकल्प सुरू केला होता, त्याच्याशी बोलणं तुटलं ते तुटलंच. त्याचं मला आजही वाईट वाटतं, निर्णयाचं नाही. आत राहून लढायला हवं होतं असं म्हणणारे भेटतात. आत राहिले असते तर यादीतलं माझं नाव बघून लोकांनी ते निर्धास्तपणे घेतलं असतं, आणि त्यांच्या माहितीचं जे व्हायचं तेच झालं असतं. माझं नाव त्या कामाला वापरू द्यायचं नव्हतं. आजही मी तेच करेन.

‘मग लोकांना काय हवंय ते कळणार कसं?’ असं तू विचारलंयस. लोकांना विचार! कोणती पॅकेजेस, म्हणजे कोणती सॉफ्टवेअर, वापरली जातात हे डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे लोकही मोजतात, पण आधी विचारून, आणि न छेडलं तर उत्तर ‘नाही’ असंच धरलं जातं. आकडे अपुरे येतात. येऊ देत, डेबियनचं काही अडलेलं नाही. तुझ्याकडे मात्र विषय औषधांचा आहे, तिथे विचारूनसुद्धा गोळा करू नकोस.

क्रॅशची अडचण खरी आहे, ती मी झटकत नाही. क्रॅशची नोंद फोनवरच साध्या मजकुराच्या फाइलीत राहू दे. वापरणाऱ्याने ती वाचावी, नको त्या ओळी खोडाव्यात, आणि वाटलं तर स्वतःच्या हाताने ईमेलला जोडून तुला पाठवावी. सहकाऱ्याचा पॅच बंद करताना कारण सविस्तर लिही. त्याने त्यावर मेहनत घेतली आहे आणि त्याचा हेतू वाईट नाही. हा नोंदीचा भाग त्यालाच लिहायला सांग. औषधांची नावं त्या फाइलीत उतरत नाहीत ना, हे तपासणारी चाचणी मात्र तू लिही आणि मला पाठव. मी ओळन्‌ओळ वाचेन.