अलंकार पाठ आहेत, पण साधा अर्ज लिहिताना हात थांबतो

माझ्याकडे समुपदेशनाला अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक आले की मार्क आणि मोबाईल झाल्यावर तिसरी तक्रार हमखास हीच निघते, निबंधाला मार्क पडतात, अलंकार तोंडपाठ आहेत, पण कुणाला काही पटवून द्यायचं म्हटलं की पोरगं अडतंच. इतक्या जणांना तेच सांगत आलेय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. ओळख पटेल असं सगळं अर्थात बदललंय.

बारावी सायन्सची मुलगी, अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासवर एसटीने येणारी. प्रॅक्टिकल सुटायचं साडेपाचला आणि गावची शेवटची गाडी सव्वापाचला. मराठीत पहिली म्हणून मैत्रिणींनी गाडी उशिरा सोडा असा अर्ज हिच्यावर ढकलला आणि हिची झोप उडाली. आई म्हणे, "मॅडम, एक पान तर लिहायचंय, त्यात एवढं काय?"

कच्चा अर्ज वाचला. पहिलंच वाक्य, लालपरी ही ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे. मग दोन उपमा, एक सुविचार. सव्वापाच हा शब्दच कुठे नाही!

"हे वाचणार कोण?"
"आगार व्यवस्थापक."
"त्यांना काय नडत असेल?"
"त्यांना काय नडणार, गाडी तर सोडायचीये." मग गप्प. जरा वेळाने आपणच म्हणाली, "उशिरा सोडली तर परतीची फेरी चुकेल, असं म्हणतील... पण ती मुक्कामी गाडी आहे मॅडम! ती रात्री परत येतच नाही."

झालं, युक्तिवाद सापडला, आणि तोही वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर. अॅरिस्टॉटलने पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या, सांगणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. क्लासमध्ये पोरं त्यांची इथोस, पॅथोस, लोगोस ही नावं घोकतात, पण समोर माणूस कोण बसलाय हे कुणी विचारायलाच लावत नाही त्यांना.

खरी गाठ पुढेच होती. गाडी चुकली की फाट्यापर्यंत वडाप आणि तिथून तीन किलोमीटर अंधारात चालत, हे तिने मला सांगितलं पण अर्जात एक ओळ नाही. का, तर "रडगाणं वाटतं. सिंपथी घेऊन फसवल्यासारखं."
"चालता ना पण खरंच?"
"हो."
"मग ते लपवून साहेबांना निर्णय घ्यायला लावणं, ते काय म्हणायचं?"

बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही, अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं. मग हसली. खोटी भीती दाखवली तर फसवणूक, खरी दाखवली तर ती माहितीच असते, हे तिचं तिलाच उमगलं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने, म्हणजे मनातले अवाजवी हट्ट शोधून, काम करते, त्यामुळे अडलेल्या हातामागे मला एक हट्ट दिसतो, माझं सगळ्यांना पटलंच पाहिजे, नाही पटलं तर मी कुचकामी. हा हट्ट असला की पोरं उपमांच्या मागे लपतात, कारण उपमेला कुणी नाही म्हणत नाही. पालकांनो, म्हणून आधी त्यांना समोरच्याचा नकार लिहायला लावा, अगदी त्याच्याच शब्दांत. मग आपण कोण आणि हे आपल्याला कसं माहीत, मग खरं चित्र. अलंकार शेवटी.

शेवटी म्हणजे टाकून द्यायचे नाहीत हं. महात्मा फुल्यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधलं "विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली" हिला पाठ होतं, पण एका ओळीचं टोक पुढच्या ओळीत अडकवून वाचणाऱ्याला सुटूच दिलेलं नाही, हे कधी कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या वेळी तिने लिहून आणलं: प्रॅक्टिकल सुटेपर्यंत गाडी जाते, गाडी गेली की वडाप शोधावं लागतं, वडाप फाट्यावर सोडतं, फाट्यापासून तीन किलोमीटर रस्त्याला दिवे नाहीत. एक नटवं विशेषण नाही, अंगावर काटा आला माझ्या. त्याखाली मुक्कामी गाडीचा मुद्दा, आणि सगळ्या मुलींच्या सह्या, प्रत्येकीच्या पास नंबरासकट.

अर्ज दिला, पोच घेतली. मी विचारलं, नाही म्हणाले तर? खांदे उडवून म्हणाली, "मग विभाग नियंत्रकांना लिहीन. पण तो वेगळा लिहावा लागेल मॅडम, त्यांना आमचा फाटा कुठे माहितीये."