३१ डिसेंबरला फॅमिलीसोबत अलिबागला जाऊन, किल्ला बघून, रात्री बीचवरची आतषबाजी बघून त्याच दिवशी परत येता येईल का?

येता येईल, पण मी येणार नाही. आणि प्रश्नात तुम्ही किल्ला आणि आतषबाजी एकाच दमात लिहिलंय ना, नेमकं तिथेच आमचं घोडं अडलं होतं म्हणून लिहितोय.

२०१४ चा ३१ डिसेंबर. मी, बायको, दोन पोरं, सासूबाई आणि मेहुणा त्याच्या बायकोसकट, दोन गाड्या, डोंबिवलीहून. मी आठवडाभर आधी सांगितलं होतं की साडेपाचला निघायचं. का, तर अलिबागच्या समोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते, आणि ओहोटी काही आपल्या सोयीने येत नाही. कोकणातला साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी दशमी होती (तिथी पक्की लक्षात आहे कारण दुसऱ्या दिवशी सासूबाईंची एकादशी). दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास आणि ओहोटी दुपारी दीडला. बारा ते अडीच किल्ल्यात, मग जेवण, असा माझा प्लॅन. मेहुणा म्हणाला, "दाजी, पिकनिकला चाललोय, परीक्षेला नाही."

निघालो कधी? नऊ दहाला! कारण साहेब माळ्यावरून दिवाळीतले उरलेले फटाके काढत बसले होते. पुढे पेण ते वडखळ अडीच तास, तेव्हा हायवेचं रुंदीकरण चालू होतं, निम्मा रस्ता खडी आणि निम्मा डायव्हर्जन. दीडच्या सुमारास वडखळला मी मिसळीसाठी गाडी थांबवली, पोरं रडायला आली होती, सासूबाईंना गोळी घ्यायची होती. पंचवीस मिनिटं. अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो साडेतीनला, आणि घोडागाडीवाला म्हणाला, "आता नाय नेत, पानी भरायला लागलंय." किल्ला समोर, दगड न् दगड दिसतोय, आणि आम्ही वाळूत उभे. तेव्हापासून आजतागायत आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, "दाजींच्या मिसळीने किल्ला हुकला" हा जोक होतोच. अहो दीडला तर मी अजून वडखळलाच होतो! मिसळ नसती खाल्ली तरी तीन वाजलेच असते.

असो. संध्याकाळ मात्र झकास गेली. उतरलो होतो त्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, वरून परत पाला, तोंड बंद करून मडकं उलटं आणि भोवती जाळ. सासूबाईंसाठी नुसत्या शेंगांचं वेगळं मडकं. त्यांनी एकच घोषा लावला होता, "जावईबापू, बाराच्या आत सगळं आटपा हं, मग माझी एकादशी." मडकं फोडल्यावर त्या पाल्याचा जो वास येतो ना, त्यासाठी मी आजही डिसेंबरात वडखळचा ट्रॅफिक सहन करीन.

बाराला बीचवर. हे नीट वाचा, तिथे सरकारी किंवा ऑफिशियल शो वगैरे काही नसतो. हॉटेलवाले उडवतात, आपल्यासारखे टुरिस्ट उडवतात. वरसोलीच्या बाजूने सुरुवात होते आणि पाच मिनिटांत सगळा किनारा पेटल्यासारखा दिसतो, मध्येच एखादा मोठा फुटला की पाण्यात किल्ल्याची काळी तटबंदी क्षणभर दिसून गायब. सुंदर असतं, खोटं कशाला बोलू. पण मग मेहुण्याने आपला डबा उघडला. मी म्हटलं, बाटली घे. त्याने ऐकलं नाही, रॉकेटची काडी ओल्या वाळूत चांगली वीतभर खुपसली. ओली वाळू काडीला धरून ठेवते हो. रॉकेट जागच्या जागी फुरफुरलं, आडवं झालं आणि तिथेच फुटलं. सासूबाईंच्या शालीला वाटाण्याएवढं भोक पडलं, बाकी कोणाला काही नाही, नशीब. त्या शालीचा मात्र कधी जोक होत नाही.

तुमचा प्रश्न. त्याच रात्री परत येऊ नका, गर्दी एकदमच निघते आणि मध्यरात्री मांडव्याहून बोट मिळेल हे धरून चालू नका. जाताना गाडी न्यायचीच तर आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) आहे, २०२० पासून, तासाभरात पलीकडे. रूम आधी करा, त्या दिवशी भाव विचारू नका इतके असतात. फटाके स्वतःचे नेऊच नका, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे ३१ च्या रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ आहे, तीही ग्रीन फटाक्यांना. आणि किल्ल्यासाठी तिथी बघा.

एक मात्र कबूल करतो. दशमी म्हणजे भांगाचे दिवस, भरती-ओहोटी कमी, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या वेळी हटतं तसं पाणी पूर्ण हटत नाही. वेळेत पोचलो असतो तरी पायी जाताना गुडघाभर भिजलोच असतो बहुतेक. पण घोडागाडी तरी मिळाली असती!

हे उत्तर फॅमिली ग्रुपवर टाकतोय. मिसळीचं बिल मी जपून ठेवलंय, वेळ छापलेली होती त्यावर, पण मेली शाईच उडालीय.