आजेसासूबाई रडल्या नाहीत

"आमचं बाळ नऊ दिवस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होतं आणि गेलं. आजेसासूबाईंच्या डोळ्यात टिपूस नाही, वर म्हणतात, देवाचं होतं देवानं नेलं, दोन घास खाऊन घे. स्वतःची चार गेली तेही हिशोब सांगावा तसं, 'सात झाली, तीन राहिली.' पोराचं नाव दगडू ठेवणाऱ्या बाईला काळीज असतं का हो ताई?"

अगं, आधी तुझं. रड, पाहिजे तितकं रड, कोण दिवस मोजतंय त्याला मोजू दे. झोप-जेवण तुटलंय असं लिहिलंयस, तर १४४१६ वर टेलिमानसला, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आता आजी. दगडू म्हणजे तुझे सासरे, चौघांच्या पाठीवरचे ना? ज्या घरात पोरं टिकत नसत तिथे मुद्दाम दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायचे, नजर लागू नये म्हणून. दगड कोण उचलून नेणार? त्या नावात केवढी भीती आहे बघ आणि केवढा जीव.

१९७१ साली देशात दर १००० बाळांतली १२९ वर्षाच्या आत जायची, महाराष्ट्रात २०२० मध्ये हाच आकडा १६. ७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायच्या म्हणतेस, मग घरी रडत बसलं की त्या दिवसाची मजुरी गेली आणि उरलेली पोरं उपाशी. नॅन्सी शेपर-ह्यूज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ईशान्य ब्राझीलच्या ऊसमजुरांच्या वस्तीत हेच बघितलं, तिथे आया म्हणायच्या की रडलं तर देवदूत झालेल्या बाळाचे पंख भिजतात, मग त्याला उडता येत नाही. मी गोड करून सांगत नाही हं, बाळ जगणार अशी खात्री होईपर्यंत जीव लावायचंच काही आया लांबवायच्या असं त्यांनी लिहिलंय. पण पुढे तिथे पोरं जगायला लागली तशी आयांची रीतही बदलली. गरिबी एवढ्या आतपर्यंत शिरते गं, आणि आपण त्या बाईलाच दगड म्हणतो.

आणि पत्राच्या शेवटी तू एका ओळीत उरकलंस ते मी चारदा वाचलं. बाळ गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुला पान्हा फुटला तेव्हा कुणी काही बोलायच्या आत आजींनी जुनं लुगडं फाडून तुझी छाती बांधून दिली (फार घट्ट बांधू नकोस, गाठ आली किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर). बाळ नसताना दूध येतं तेव्हा काय होतं हे त्यांना चार वेळा कळलंय. त्या चौघांची नावं ठेवली होती का, एवढं एकदा त्यांच्याजवळ बसून विचार.