‘धोक्यात घालणे’साठी इंग्रजीत कोणता शब्द कुठे वापरायचा?

तुम्ही विचारलंय की ‘त्याच्या एका चुकीमुळे सगळ्यांचे जीव धोक्यात आले’ हे इंग्रजीत लिहिताना एन्डेंजर, रिस्क, जेपर्डाइझ, इम्पेरिल यांतला कोणता शब्द घ्यायचा, की कोणताही चालतो.

कोणताही चालत नाही. हे मी एका अहवालावर काम करताना शिकले. मी बरीच वर्षं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. एका अपघाताच्या चौकशी अहवालात वाक्य होतं, ‘पर्यवेक्षकाने कामगारांचे जीव धोक्यात घातले.’ मी लिहिलं, ‘द सुपरवायझर रिस्क्ड द वर्कर्स’ लाइव्ह्ज.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ‘रिस्क्ड’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात तीनच शब्द लिहिले, ‘त्याला माहीत होतं?’ मी मूळ अहवाल पुन्हा वाचला. झडप उघडी राहिल्याचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे एका माणसाचा हलगर्जीपणा माझ्या एका क्रियापदाने जाणूनबुजून केलेलं कृत्य ठरणार होता. आम्ही ‘एन्डेंजर्ड’ केलं.

तेव्हापासून मी आधी कर्त्याकडे बघते. रिस्कमागे बहुतेक वेळा जाणता माणूस असतो. समोर काय आहे हे त्याला दिसतंय, तरी तो पुढे जातो, कारण बदल्यात त्याला काहीतरी हवं आहे किंवा कुणाला तरी वाचवायचं आहे. जळत्या घरात शिरणारा जवान ‘रिस्क्स हिज लाइफ’. दारू पिऊन गाडी हाकणारा मात्र रस्त्यावरच्या इतरांना ‘एन्डेंजर्स’. त्याच्या मनात काय होतं हा वेगळा प्रश्न, इतरांच्या जिवावर बेतलं एवढं एन्डेंजर सांगतं.

रिस्कची आणखी एक गंमत आहे, आणि मराठी माणूस तिथे हमखास अडखळतो. जे गमावण्याची भीती आहे ते रिस्कचं कर्म होतं, आणि जे ओढवण्याची भीती आहे तेही होतं. ‘रिस्क युअर लाइफ’ आणि ‘रिस्क डेथ’ दोन्ही बरोबर, दोन्हींतला धोका एकच. मराठीत आपण जीव धोक्यात घालतो, पण मरण धोक्यात घालत नाही. मरणाचा धोका पत्करतो. क्रियापदच बदलावं लागतं. एन्डेंजरला ही मोकळीक नाही, त्याच्या पुढे फक्त जपायची गोष्ट येते. आणि रिस्कनंतर क्रियापद आलं तर ते ‘-इंग’ लावून येतं: ‘रिस्क लूझिंग’ म्हणा, ‘रिस्क टु लूझ’ नको.

दुसरं बघायचं ते धोक्यात काय आहे. जीव, तब्येत, सुरक्षितता, प्राण्यांच्या जाती असतील तर एन्डेंजर. नोकरी, वाटाघाटी, करार, निकाल, नाव, म्हणजे हाती येता येता निसटू शकणारं काही असेल तर जेपर्डाइझ. या शब्दाच्या पोटात एक डाव आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘जू पार्ती’ म्हणजे विभागलेला खेळ, ज्यात दोन्ही बाजूंना सारखीच संधी आहे आणि पारडं कुठे झुकेल ते ठरलेलं नाही. इंग्रजीत तो बुद्धिबळातल्या अवघड पेचांसाठीही वापरत. आधी क्रियापद नुसतं ‘जेपर्ड’ असं होतं. अमेरिकन कोशकार वेब्स्टरने १८२८च्या कोशात जेपर्डाइझची नोंद केली, पण जेपर्ड असताना हा शब्द निरुपयोगी आहे, असा शेराही मारला. आज जेपर्ड कुणाच्या तोंडी नाही आणि जेपर्डाइझ रोजच्या बातम्यांत आहे. (उच्चार ‘जेपर्डाइझ’ असाच करा, मधला ‘ओ’ लिहायचा असतो, म्हणायचा नसतो.)

हॅझर्डही असाच जुगारातून आलेला. हासार हा फाशांचा खेळ होता. आपल्याकडचं ‘पणाला लावणे’ त्याच घरातलं. म्हणून ‘त्याने कुटुंबाची इज्जत पणाला लावली’ याचं भाषांतर मी एन्डेंजरने कधीच करणार नाही. धर्मराजाने द्रौपदीला धोक्यात घातलं असं आपण म्हणत नाही, पणाला लावलं म्हणतो, कारण तिथे फासे हातात होते आणि लोभ जिंकण्याचा होता. अशा ठिकाणी ‘स्टेक’ किंवा ‘गॅम्बल’च हवा. हॅझर्ड क्रियापद म्हणून आता मुख्यतः ‘हॅझर्ड अ गेस’ (अंदाज ठोकून बघणे) अशा प्रयोगांपुरतंच उरलंय. नाम म्हणून ते सुरक्षेच्या कागदांत भरपूर भेटतं, आणि तिथे हॅझर्ड म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट, तर रिस्क म्हणजे ती इजा होण्याची शक्यता आणि इजा किती मोठी असेल याचा एकत्र हिशेब. सांडलेलं तेल हॅझर्ड आहे. तिथून रोज किती जण चालतात यावर रिस्क ठरते.

इम्पेरिल अर्थाने एन्डेंजरच्या जवळचा, पण भारदस्त. अग्रलेखात शोभतो, मित्राला लिहिलेल्या पत्रात नाही.

थ्रेटन जपून वापरा. कर्ता पूर, दुष्काळ, रोग असेल तर ‘द फ्लड थ्रेटन्स द टाउन’ म्हणजे गावावर पुराचं संकट आहे. कर्ता माणूस झाला की वाचणाऱ्याला आधी धमकीच ऐकू येते. वन्यजीवांविषयी लिहिताना तर हा शब्द कुठल्या यादीतला आहे तेही बघावं लागतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘थ्रेटन्ड’ ही वरची छत्री आहे. व्हल्नरेबल, एन्डेंजर्ड आणि क्रिटिकली एन्डेंजर्ड या तिन्ही श्रेणी तिच्याखाली येतात. अमेरिकेच्या १९७३च्या ‘एन्डेंजर्ड स्पीशीज’ कायद्यात मात्र थ्रेटन्ड ही एन्डेंजर्डच्या खालची पायरी आहे, अंदाज बांधता येईल एवढ्या भविष्यकाळात एन्डेंजर्ड होण्याची शक्यता असलेल्या जातींसाठी. दोन्हींना सरसकट ‘धोक्यात आलेली जात’ लिहिलं की माहितीच चुकते.

आणि डेंजरचं क्रियापद करू नका. ‘डोन्ट डेंजर हिम’ असं इंग्रजीत नाही. ‘आय ॲम डेंजरस’ हेही ‘मी धोक्यात आहे’ या अर्थाने लिहिलेलं मी पाहिलंय. त्याचा अर्थ ‘माझ्यापासून सांभाळा’ असा होतो. तिथे ‘आय ॲम इन डेंजर’ हवं.

आता तुमचं वाक्य. कर्ता माणूस नाही, चूक आहे, आणि धोक्यात जीव आहेत. चूक काही जाणूनबुजून जोखीम घेत नाही, म्हणून नुसतं ‘रिस्क्ड’ नको. पण ‘पुट ॲट रिस्क’ चालेल, कारण या रचनेत कर्त्याला माहीत होतं की नव्हतं, याबद्दल काहीच सुचवलं जात नाही. मी लिहीन, ‘हिज वन मिस्टेक पुट एव्हरीवन्स लाइव्ह्ज ॲट रिस्क.’ अहवाल किंवा तक्रारअर्ज असेल तर ‘एन्डेंजर्ड एव्हरीवन्स लाइव्ह्ज’. दोन्हीकडे ‘लाइव्ह्ज’ अनेकवचनी ठेवा.