पट्टी निळी झाली नाही, म्हणून मुळा फेकायचा का?

प्रश्न : ताई, मुलाने भाजीतलं औषध तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मागवल्या. एक लाल चकती, एक पांढरी. दादरहून आणलेला मुळा किसून त्याचा रस टाकला, तर पट्टी पांढरीच राहिली, म्हणजे औषध आहे म्हणे. वांग्याची मात्र निळी झाली, म्हणजे स्वच्छ. मी भाजीवाल्याशी भांडून आले. तो शपथेवर सांगतो की मुळ्यावर फवारणी नाही. खरं कोण?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : भांडण जरा घाईचं झालं हो. भाजीवाल्याची हमी मी घेत नाही, पण तुमच्या पट्टीने त्याला खोटं पाडलेलं नाही.

या पट्टीला बायोसेन्सर म्हणतात. घरात कुणाला मधुमेह असेल तर तिचं भावंड तुमच्या कपाटात आधीपासून आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवरचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, रक्तातल्या साखरेवर काम करतं आणि यंत्र ते काम मोजतं. एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडची ही कल्पना लीलंड क्लार्क यांची, 1962 सालची. तुमच्या पट्टीत कारभार उलटा आहे. पांढऱ्या चकतीवरचं एन्झाइम लाल चकतीवरचं रसायन तोडतं, तेव्हा निळा रंग येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक असलं की ते या एन्झाइमलाच जखडून ठेवतं, किड्याच्या अंगात जखडतं तसंच. मग निळं काही होत नाही.

पण काही न होण्याला कारणं पुष्कळ. मे महिन्यात कुरियरच्या टेम्पोत पडून एन्झाइमच मेलं असेल. किंवा खोट मुळ्यातच असेल. मुळा, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर यांच्या रसातली मूळची द्रव्यंही त्या एन्झाइमला अडवतात. तुम्ही मुळा किसलात, तिथेच फसलात. भाजी न चिरता अख्खी पाण्यात बुडवायची आणि ते पाणी चकतीवर टाकायचं. त्याआधी एक पट्टी नुसत्या स्वच्छ पाण्यावर करून बघा. तीही पांढरी राहिली तर पाकीट खुशाल कचऱ्यात टाका.

मला काळजी वाटते ती तुमच्या वांग्याची. निळ्याचा अर्थ एवढाच, की त्या दोन गटांतलं काही पट्टीला जाणवेल इतकं नाही. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड यांना ती ओळखतही नाही, कारण ती औषधं किड्याच्या नसांवर दुसऱ्याच ठिकाणी घाव घालतात. बुरशीनाशकांचं तर नावच नको. पट्टीच कशाला, मोठ्या प्रयोगशाळाही अशाच ठेचाळतात. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. ते कीटकनाशक नव्हेच, वेलीची वाढ आवरणारं संजीवक. तपासायच्या यादीत ते नव्हतं, त्यामुळे इथे कागदोपत्री माल स्वच्छ होता. माझ्या मामेभावाची निफाडला बाग आहे. त्या वर्षी घरातल्यांनी द्राक्षं वाटून वाटून संपवली.

मग या पट्ट्या कुठे चालतात? जिथे प्रश्न एकच आणि ठरलेला असतो तिथे. मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं काढली. टँकर रिकामा करण्याआधी दुधात प्रतिजैविक आहे का, हे पट्टीवर काही मिनिटांत बघायचो. रेघ संशयास्पद आली की टँकर बाजूला, ड्रायव्हर चहाला आणि नमुना मोठ्या यंत्राकडे. पट्टीवर आम्ही कुणाला चोर ठरवलं नाही.

पट्ट्यांची हौस असेलच तर स्वयंपाकघरातली करा, दुधातली युरियाची भेसळ बघायची. दुधात तुरीच्या डाळीचं पीठ अर्धा चमचा ढवळा, पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. डाळीतलं युरिएज एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं आणि कागद निळा होतो. इथे मात्र निळं म्हणजे वाईट, गल्लत करू नका. आणि दूधवाल्याकडे जाण्याआधी हेही ध्यानात ठेवा, की थोडा युरिया गाईच्या दुधात मुळातच असतो. 700 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत 700 भागांपर्यंत, तो नियमात बसतो.