पोलिसांपुढची कबुली आणि गंजीतला कोयता

आरोपीने कोठडीत खून कबूल केला, हत्यारही स्वतः काढून दिले, तरी सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. ही पळवाट नव्हे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नव्हे.

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, १८७२ च्या पुरावा कायद्यात पंचविसावे कलम होऊन स्थिरावला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात आहे. पुरावा कायद्याचे मसुदाकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी हिंदुस्थानातील एका मुलकी अधिकाऱ्याचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे, की पुराव्यासाठी उन्हात हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे कितीतरी सुखाचे. नियमाचे कारण याहून थोडक्यात सांगता येईल असे मला वाटत नाही.

हत्यार निघाल्याने फरक पडतो, पण आपण समजता तेवढा नाही. समजा आरोपी म्हणाला, ‘ज्या कोयत्याने मी वार केला तो कडब्याच्या गंजीत लपवला आहे, काढून देतो.’ ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टया निकालापासून यातले ‘ज्याने मी वार केला’ हे शब्द गळतात. उरते ते एवढेच, की कोयता गंजीत आहे हे त्याला ठाऊक होते. त्या कोयत्याचा खुनाशी संबंध रक्तगट, सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), वैद्यकीय साक्ष यांनी स्वतंत्रपणे जोडावा लागतो, आणि बहुतेक खटले इथेच ढासळतात. निवेदन पंचनाम्यात, म्हणजे आरोपीचे सांगणे पंचांसमक्ष नोंदवलेल्या कागदात, त्याचे नेमके शब्दच नसतात, किंवा पंच उलटतपासात ‘सह्या ठाण्यातच घेतल्या’ असे सांगून मोकळा होतो. पंच निवेदनाच्या आधीपासून हजर हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद खटल्यात बजावले आहे.

कबुली हवीच असेल तर दंडाधिकाऱ्यापुढचा मार्ग आहे. तिथे ‘कबुली देणे तुमच्यावर बंधनकारक नाही, दिल्यास ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते’ अशी समज द्यावी लागते, आणि आरोपीने नकार दिला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. हे शेवटचे बंधन मला सर्वांत मोलाचे वाटते. मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या विशेष कायद्यात, मात्र अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली चालते. दर्जा वाढला म्हणून कोठडीतला धाक कमी होतो, हे गृहीतक मला पटलेले नाही.

आपल्या खटल्याचे निकालपत्र मिळवून त्यातील पंचांच्या साक्षीची चर्चा आधी वाचावी. आरोपी का सुटला, ते बहुधा तिथेच सापडेल.